जुन्या पीसीवर युनिक्स: यंत्राची निवड आणि जुळणी

जुना पीसी हाती आला, त्यावर डॉस ही जुन्या पीसींची साधी कार्यप्रणाली व्यवस्थित सुरू झाली आणि आता याच यंत्रावर युनिक्स, म्हणजे अनेकांना एकदम वापरता येणारी कार्यप्रणाली, बसवून पाहावे असे वाटू लागले, की बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न प्रोसेसरच्या वेगाचा येतो. हा प्रश्न खरे तर यादीत बराच खाली असायला हवा. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात पीडीपी-७ या यंत्रावर केली आणि पुढे ते पीडीपी-११ वर वाढले. त्या मालिकेतल्या मोठ्या मॉडेलांवरही एका प्रोग्रॅमला सूचनांसाठी ६४ किलोबाइट आणि माहितीसाठी ६४ किलोबाइट एवढीच जागा मिळत असे. युनिक्सला मुळात फार मोठे यंत्र लागत नव्हते. ते कोणत्या यंत्राला ओळखते, हा प्रश्न मात्र पहिल्यापासून होता.

डॉस चालते म्हणून युनिक्सही चालेल, असा निष्कर्ष नवशिक्याने काढू नये. डॉसला डिस्कवरचे काही वाचायचे असेल तर ते बायोसला, म्हणजे रॉममध्ये कायम असलेल्या यंत्राच्या मूलभूत प्रोग्रॅमला, सांगते, आणि डिस्क चालवणारे कंट्रोलर कार्ड कितीही विचित्र असले तरी त्या कार्डावरच्या रॉममध्ये त्याचा स्वतःचा बायोस असल्यामुळे काम होऊन जाते. युनिक्सचे तसे नाही. कर्नल, म्हणजे युनिक्सचा गाभा, एकदा मेमरीत आले की ते सहसा बायोसला बाजूला सारून कंट्रोलरशी थेट बोलते. बायोस हा एका वेळी एकच काम चालेल असे गृहीत धरून लिहिलेला सोळा बिटी रिअल मोडचा, म्हणजे प्रोसेसरच्या जुन्या, मेमरी-संरक्षण नसलेल्या पद्धतीचा, कोड आहे, आणि डिस्कचे उत्तर येईपर्यंत तो प्रोसेसरला ताटकळत ठेवतो. युनिक्सला नेमक्या त्याच वेळात प्रोसेसर दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायचा असतो. त्यामुळे यंत्रातल्या प्रत्येक महत्त्वाच्या कार्डासाठी कर्नलमध्ये ते चालवणारा स्वतंत्र भाग, म्हणजे ड्रायव्हर, लागतो, आणि ज्या कार्डाचा ड्रायव्हर नाही ते कार्ड युनिक्सच्या दृष्टीने यंत्रात नसतेच. पुढच्या सर्व पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत. येथे विचार केला आहे तो आयबीएम पीसी आणि त्याच्या सुसंगत यंत्रांचा, साधारण १९८१ पासून नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतचा.

पहिली पायरी: आधी युनिक्स ठरवावे, मग यंत्र

बहुतेक जण उलट करतात, आणि म्हणूनच अडकतात. जुन्या पीसींवर चाललेल्या युनिक्सचे, यात युनिक्ससारख्या प्रणालीही आल्या, प्रोसेसरनुसार तीन गट पडतात.

पहिला गट ८०८८ आणि ८०८६ या प्रोसेसरांचा. १९८३ साली १० मेगाबाइट हार्ड डिस्कसह आलेल्या आयबीएम पीसी एक्सटीने पीसीवरच्या युनिक्सला खरी जागा करून दिली. व्हेंचरकॉमचे व्हेनिक्स, एससीओ या कंपनीने एक्सटीवर आणलेले झेनिक्स, मार्क विल्यम्स कंपनीचे कोहेरंट, आणि इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्सने आयबीएमसाठी तयार केलेले पीसी/आयएक्स ही या गटातली ठळक नावे. पीसी/आयएक्स १९८४ साली १९ फ्लॉप्यांवर येत असे आणि त्याची किंमत ९०० डॉलर होती. १९८७ साली अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मिनिक्स लिहिले. ते हार्ड डिस्क नसलेल्या यंत्रावरही, नुसत्या फ्लॉपीवरून चालू शकते.

दुसरा गट २८६ चा, म्हणजे १९८४ च्या पीसी एटीपासूनचा. येथे झेनिक्सचे राज्य होते, आणि मिनिक्स व कोहेरंटही चालत. तिसरा गट ३८६ आणि त्यापुढचा: एससीओचे झेनिक्स आणि युनिक्स, सिस्टीम व्ही या एटी अँड टीच्या युनिक्सची इतर रूपे, १९९२ चे ३८६बीएसडी, आणि १९९१ पासूनचे लिनक्स.

आजच्या वाचकासाठी आणखी एक गाळणी लागते, ती परवान्याची. मिनिक्स २००० सालापासून मुक्त परवान्याखाली आहे आणि कोहेरंटचा मूळ कोड २०१५ साली खुला झाला. एक्सटी वर्गाच्या यंत्रांसाठी एल्क्स नावाची लिनक्सची छोटी आवृत्ती आजही विकसित होत आहे. झेनिक्स आणि एससीओ युनिक्स यांच्यासाठी मात्र परवाना लागतो. शिवाय बसवताना अनुक्रमांक आणि सक्रियता संकेत मागितला जातो, त्यामुळे नुसत्या फ्लॉप्यांचा गठ्ठा कुठून मिळाला तरी त्याचा उपयोग होत नाही. नवशिक्याला माझा सल्ला असा, की पहिल्यांदा ३८६डीएक्स किंवा ४८६ यंत्र, ८ मेगाबाइट मेमरी, आयडीई डिस्क (हा प्रकार चौथ्या पायरीत पाहू) आणि नव्वदच्या दशकातले स्लॅकवेअर लिनक्स एवढ्यावर हात बसवावा. एक्सटीवरचे युनिक्स शिकण्यासारखे जरूर आहे, पण ते दुसरे यंत्र असावे.

दुसरी पायरी: प्रोसेसर काय सांभाळू शकतो ते पाहावे

युनिक्समध्ये अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी मेमरीत असतात, आणि एकाने दुसऱ्याच्या जागेत हात घालू नये ही जबाबदारी प्रोसेसरने उचलावी अशी अपेक्षा असते. ८०८८ ला हे जमतच नाही. त्याच्या १ मेगाबाइट पत्त्यांच्या जागेत कोणताही प्रोग्रॅम कुठेही लिहू शकतो, कर्नलच्या जागेतही. एक्सटीवर युनिक्स चालते ते प्रोग्रॅम सभ्यपणे वागतील या भरवशावर. सी भाषेतला एक चुकीचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, संपूर्ण यंत्र थांबवू शकतो. चार जणांनी एकदम वापरायचे यंत्र म्हणून एक्सटी निवडणे त्यामुळे मला शहाणपणाचे वाटत नाही.

२८६ मध्ये संरक्षण आले, पण तुकड्यांच्या रूपात. प्रत्येक तुकडा, म्हणजे सेगमेंट, जास्तीत जास्त ६४ किलोबाइटचा, आणि एकूण मेमरी १६ मेगाबाइटपर्यंत. मोठा प्रोग्रॅम लिहायचा तर तो अनेक सेगमेंटांत विभागावा लागतो. आधुनिक सवयीने लिहिलेला कोड २८६ वर सहसा जसाच्या तसा उतरत नाही, तो यामुळेच.

१९८५ साली इंटेलने जाहीर केलेल्या ३८६ ने हा प्रश्न मुळातूनच सोडवला. बत्तीस बिटांची सलग पत्त्यांची जागा आणि ४ किलोबाइटच्या पानांत विभागलेली मेमरी मिळाल्यामुळे प्रोग्रॅमची गरजेपुरतीच पाने मेमरीत ठेवून बाकीची डिस्कवर राहू देता येतात. लिनक्सचा जन्म याच सोयीतून झाला. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी जानेवारी १९९१ मध्ये ३८६ यंत्र घेतले ते ३३ मेगाहर्ट्झचे, ४ मेगाबाइट मेमरीचे होते, आणि पहिले लिनक्स त्याच यंत्राच्या मापाने बेतलेले होते.

३८६ घेताना दोन-तीन बारकावे पाहावेत. ३८६एसएक्स आणि ३८६डीएक्स हे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने एकच आहेत. एसएक्सचा बाहेरचा डेटा मार्ग सोळा बिटांचा असल्यामुळे तो हळू पडतो आणि १६ मेगाबाइटच्या पुढे मेमरी पाहू शकत नाही, एवढाच फरक. अगदी सुरुवातीच्या काही ३८६ चिपांमध्ये बत्तीस बिटी गुणाकार चुकत असे. तपासून योग्य ठरलेल्या चिपांवर दोन सिग्मा चिन्हे छापली गेली, आणि सदोष चिपांवर त्या फक्त सोळा बिटी सॉफ्टवेअरसाठी असल्याचे लिहिले गेले. अशी चिप डॉसवर वर्षानुवर्षे विनातक्रार चालते आणि युनिक्सवर घात करते, म्हणून जुन्या ३८६ चा चिपवरचा मजकूर भिंगातून वाचून घ्यावा. गणिती सहप्रोसेसर नसला तरी बिघडत नाही, कारण लिनक्सच्या कर्नलमध्ये त्याची नक्कल करणारा भाग आहे. कर्नल बांधताना तो वगळलेला नाही एवढे पाहावे. ४८६डीएक्समध्ये सहप्रोसेसर आतच असतो, ४८६एसएक्समध्ये नसतो. अगदी नवीन लिनक्स ३८६ वर बसवायला जाऊ नये. २०१३ च्या ३.८ या आवृत्तीपासून कर्नलने ३८६ चा आधार काढून टाकला आहे, आणि त्याच्या बऱ्याच आधीच्या आवृत्त्याही इतक्या कमी मेमरीला जड होतात.

तिसरी पायरी: मेमरी

पैसे कुठे घालावेत असा प्रश्न पडला तर ते मेगाहर्ट्झवर न घालता मेमरीवर घालावेत. मेमरी कमी पडली की युनिक्स प्रोग्रॅम डिस्कवर टाकते आणि परत आणते, आणि त्या ये-जा करण्यात ३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसरही नुसता वाट पाहत बसतो. ढोबळ आकडे असे धरावेत. मिनिक्ससाठी एक्सटीवर पूर्ण ६४० किलोबाइट असावेत. त्याहून कमीत ते सुरू होते, पण कंपायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) चालवताना दम लागतो. झेनिक्स २८६ साठी १ मेगाबाइटच्या खाली जाऊ नये, आणि प्रत्येक जादा वापरकर्त्यासाठी आणखी जागा मोजावी. १९९४ च्या सुमाराचे लिनक्स २ मेगाबाइटमध्ये कसेबसे उभे राहते, ४ मध्ये मजकुरी काम नीट चालते, आणि एक्स विंडो, म्हणजे युनिक्सची चित्रमय खिडक्यांची प्रणाली, हवी असेल तर ८ पासून सुरुवात करावी.

येथे नवशिक्याला हमखास फसवणारी एक गोष्ट आहे. जुन्या यंत्रांत १ मेगाबाइटच्या वरची मेमरी दोन प्रकारे मिळे. एक प्रकार सलग पत्त्यांचा, ज्याला एक्स्टेंडेड म्हणतात, आणि दुसरा छोट्या खिडकीतून पाळीपाळीने दिसणारा, ज्याला एक्स्पांडेड म्हणतात. डॉसची मोठी स्प्रेडशीट दुसऱ्या प्रकारावर चालत असल्यामुळे तशी कार्डे भरपूर विकली गेली. युनिक्सला त्या खिडकीचा काही उपयोग नाही. त्याला सलग मेमरीच लागते. काही कार्डांवर जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी जोडणी, बदलून प्रकार बदलता येतो, तेव्हा कार्डाची पुस्तिका मिळवल्याशिवाय खरेदी करू नये.

तीस पिनांचे सिम मेमरीपट्टे ८ बिट रुंदीचे असतात, पॅरिटीचा, म्हणजे चूक ओळखण्यासाठीचा, जादा बिट धरून ९. म्हणून ३८६डीएक्सवर ते चार-चारच्या संचात बसवावे लागतात आणि ३८६एसएक्सवर दोन-दोनच्या. संच अपुरा असेल तर तो मोजलाच जात नाही. बहात्तर पिनांचा पट्टा ३२ बिटांचा असल्यामुळे ४८६ वर एकटा पुरतो. सुरुवातीची मोजणी यशस्वी झाली म्हणून मेमरी चांगली आहे असे समजू नये. डॉस वरच्या मेमरीला क्वचित हात लावते, तर युनिक्स मिळेल तो प्रत्येक बाइट वापरते. कर्नल कंपाइल करताना कंपायलर दर वेळी वेगळ्याच ठिकाणी सिग्नल ११ (मेमरीच्या चुकीच्या पत्त्यावर हात घातल्याची सूचना) देऊन पडत असेल, तर दोष कोडमध्ये न शोधता मेमरीत, तिच्या वेळेच्या सेटिंगमध्ये किंवा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, शोधावा.

चौथी पायरी: डिस्क आणि तिचा कंट्रोलर

सर्वाधिक प्रयत्न फसतात ते येथे. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ च्या आपल्या प्रसिद्ध घोषणेतच सांगून टाकले होते, की एटी प्रकारच्या हार्ड डिस्कशिवाय दुसरे काही बहुधा कधीच चालणार नाही, कारण आपल्याकडे तेवढेच आहे. अंदाज चुकला, पण त्यामागचे सत्य कायम आहे: ड्रायव्हर लिहिणाऱ्यापुढे जे यंत्र होते त्याच्या जितके जवळ आपले यंत्र, तितके काम सोपे.

एटीमध्ये वेस्टर्न डिजिटलचा डब्ल्यूडी१००३ वर्गाचा कंट्रोलर होता आणि त्याचे पत्ते व चौदावा इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची क्रमांकित वाहिनी) हेच पुढे मानक झाले. आयडीई डिस्क आली तेव्हा कंट्रोलर डिस्कवरच चढला, पण बाहेरून तो त्याच जुन्या कंट्रोलरसारखा दिसत राहिला. परिणामी एटीसाठी लिहिलेल्या युनिक्सला आयडीई डिस्क सहसा आपलीच वाटते, आणि म्हणून आयडीई हीच सर्वांत सुरक्षित निवड ठरते. एक्सटीचा आठ बिटी कंट्रोलर मात्र अगदी वेगळ्या पद्धतीने बोलतो. एटीचा ड्रायव्हर त्याला ओळखत नाही. स्कझी हा डिस्क जोडण्याचा दुसरा प्रकार उत्तम, पण तेथे प्रत्येक कार्डाची बोली निराळी. त्यातल्या त्यात अडॅप्टेकचे १५४२ हे कार्ड त्या काळच्या बहुतेक युनिक्सांना ठाऊक होते. हे कार्ड मेमरीत स्वतः लिहिते आणि आयसा या जुन्या पीसींच्या जोडपद्धतीच्या स्लॉटमुळे त्याला १६ मेगाबाइटच्या पुढचे पत्ते दिसत नाहीत, एवढे मोठी मेमरी लावण्यापूर्वी ध्यानात असू द्यावे.

एक्सटीवर आजकाल आयडीई कार्ड आणि कॉम्पॅक्ट फ्लॅश लावण्याची पद्धत पडली आहे. डॉससाठी ती उत्कृष्ट आहे, कारण कार्डावरचा बायोस सगळे सांभाळतो. पीसी/आयएक्ससारख्या जुन्या प्रणालीला मात्र असे कार्ड दिसणार नाही, कारण तिचा ड्रायव्हर आयबीएमच्या मूळ कंट्रोलरसाठी लिहिलेला आहे. एल्क्स डिस्कसाठी बायोसचाच वापर करू शकते, आणि मिनिक्समध्येही पुढे बायोसमार्फत डिस्क वापरणारा ड्रायव्हर मिळाला. बदललेल्या एक्सटीवर या दोन्हींपैकीच एक निवडावे, हे उत्तम.

डिस्कची मापे बायोसच्या सेटअपमध्ये अचूक भरणे आवश्यक आहे. जुन्या बायोसमध्ये डिस्कच्या प्रकारांचा ठरीव तक्ता असतो. त्यात ४७ वा प्रकार वापरकर्त्याने स्वतः भरायचा असेल तर सिलिंडर, हेड आणि सेक्टर या डिस्कवरची जागा मोजणाऱ्या तीन मापांचे आकडे डिस्कवरच्या लेबलावरून घ्यावेत. १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांच्या पलीकडे जुना बायोस पाहू शकत नाही, म्हणजे मर्यादा सुमारे ५२ कोटी ८४ लाख बाइटची. लिनक्स सुरू झाल्यावर स्वतः त्यापलीकडे पाहू शकते, परंतु सुरू होईपर्यंत कर्नल बायोसनेच वाचायचे असल्यामुळे कर्नलची फाइल पहिल्या १०२४ सिलिंडरांच्या आत असलीच पाहिजे. पाचशे मेगाबाइटच्या आतली डिस्क किंवा फ्लॅश कार्ड घेतले की हा सगळा गुंता टळतो, आणि त्या काळच्या प्रणालीसाठी एवढी जागा चैनीची आहे.

किती जागा पुरेल? मिनिक्सला २० मेगाबाइटची डिस्क ऐसपैस होते. झेनिक्स २८६ कंपायलरसकट बसवायचे तर ४० असावी. लिनक्सची मूळ प्रणाली त्याहून थोडक्यात बसते, पण कंपायलर, कर्नलचा कोड आणि एक्स विंडो धरून १०० ते २०० मेगाबाइट मोकळे ठेवावेत. यातच स्वॅपसाठी, म्हणजे मेमरीत न मावणारे डिस्कवर ठेवण्यासाठी, वेगळा विभाग काढावा लागतो. मेमरीच्या दुप्पट हा जुना ठोकताळा ४ आणि ८ मेगाबाइटच्या यंत्रांना आजही बरोबर लागू पडतो. फ्लॅश कार्डावर स्वॅप ठेवल्यास सततच्या लिहिण्याने ते झिजते, म्हणून तेथे मेमरी वाढवणे अधिक बरे.

मूळची एमएफएम किंवा आरएलएल, म्हणजे आयडीईच्या आधीच्या प्रकारची, डिस्क वापरायची असेल तर तिच्या लेबलावरची खराब ट्रॅकांची यादी उतरवून ठेवावी. झेनिक्समध्ये ती यादी भरण्यासाठी आणि डिस्क तपासण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम आहे. एवढी जुनी डिस्क जपायची असेल तर तिच्यावर रोजचे काम करू नये, असे माझे मत आहे.

पाचवी पायरी: फ्लॉपी आणि पडदा

फ्लॉपीबाबत थोडक्यात. बसवण्याची फ्लॉपी ज्या आकाराची आणि क्षमतेची असेल त्याच प्रकारचा ड्राइव्ह पहिल्या जागी, म्हणजे डॉस ज्याला ए म्हणते तेथे, लागतो. १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हचे हेड अरुंद असते, म्हणून त्यात लिहिलेली ३६० किलोबाइटची फ्लॉपी एक्सटीच्या ड्राइव्हमध्ये वाचताना दगा देते. एक्सटीसाठीच्या फ्लॉप्या ३६० च्याच ड्राइव्हवर लिहाव्यात. प्रतिमा-फाइल, म्हणजे फ्लॉपीची हुबेहूब प्रत असलेली फाइल, डॉसखाली रॉराइट किंवा लिनक्सखाली डीडी या प्रोग्रॅमने लिहिता येते. फ्लॉप्यांचाच कंटाळा असेल तर पेनड्राइव्हवरच्या प्रतिमांतून फ्लॉपीची नक्कल करणारा ड्राइव्ह बसवावा; कर्नलला तो खऱ्या फ्लॉपीपेक्षा वेगळा वाटत नाही.

पडद्याला युनिक्सची अपेक्षा फारशी नाही. ८० स्तंभ आणि २५ ओळी दाखवणारे एकरंगी एमडीए किंवा हर्क्युलिस कार्ड पुरते, आणि मजकूर सीजीए या रंगीत कार्डापेक्षा त्यावर कितीतरी सुबक दिसतो. एक्स विंडो हवी असेल तरच व्हिडिओ चिपची चौकशी करावी. सेंगचे ईटी४००० आणि एस३ च्या चिपा एक्सफ्री८६ या पीसीवरच्या एक्स विंडोला चांगल्या ठाऊक आहेत. मॉनिटरच्या वारंवारितेचे आकडे अंदाजाने भरू नयेत, कारण ठरावीक वारंवारितेचा जुना मॉनिटर चुकीच्या आकड्यांनी खरोखर निकामी होऊ शकतो.

सहावी पायरी: सिरियल पोर्ट आणि टर्मिनल

एकाच यंत्रावर अनेकांनी एकदम काम करावे यासाठीच युनिक्स घडले, आणि पीसीवर ते साधते सिरियल पोर्टांमधून, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडण्यांमधून. भारतातल्या कार्यालयांत आणि बँकांच्या शाखांत ऐंशी-नव्वदच्या दशकांत अशीच मांडणी दिसे: कोपऱ्यात एक ३८६ किंवा ४८६, आणि टेबलांवर त्याला जोडलेली टर्मिनले, म्हणजे नुसते पडदे आणि कळफलक.

पहिल्यांदा इंटरप्टांचा कागद करावा. पहिला सिरियल पोर्ट चौथा इंटरप्ट घेतो, दुसरा तिसरा घेतो, फ्लॉपीला सहावा लागतो, प्रिंटरला सातवा, आयडीईला चौदावा आणि सहप्रोसेसरला तेरावा. तिसरा आणि चौथा सिरियल पोर्ट पहिल्या दोघांचेच इंटरप्ट वाटून घेतात, आणि आयसा यंत्रात ही वाटणी सहसा निभत नाही. एनई२००० प्रकारची नेटवर्क कार्डे पुष्कळदा तिसऱ्याच इंटरप्टवर लावलेली मिळतात, म्हणजे दुसऱ्या सिरियल पोर्टाशी त्यांची टक्कर ठरलेली. डॉसमध्ये एका वेळी एकच काम चालत असल्यामुळे अशा टकरी झाकलेल्या राहतात. युनिक्समध्ये मात्र टर्मिनल गोठते, किंवा कोणी नेटवर्क वापरू लागले की दुसऱ्याची अक्षरे गळतात.

पोर्टाची चिपही पाहावी. ८२५० आणि १६४५० यांना साठवणूक नाही, म्हणून प्रत्येक अक्षरासाठी एक इंटरप्ट लागतो. ९६०० बिटांच्या वेगाने पूर्ण भरून वाहणारी एक वाहिनी सेकंदाला सुमारे ९६० इंटरप्ट देते. १६५५०ए मध्ये १६ अक्षरांची रांग आहे, त्यामुळे हा भार पुष्कळच हलका होतो. चारापेक्षा जास्त टर्मिनले जोडायची असतील तर स्वतःचा प्रोसेसर असलेले बहुपोर्ट कार्ड घ्यावे. पण आधी आपल्या युनिक्ससाठी त्याचा ड्रायव्हर हाती घ्यावा आणि मगच कार्डाचे पैसे द्यावेत.

टर्मिनल म्हणून वायसे ६० किंवा व्हीटी१०० जातीचे यंत्र मिळाले तर उत्तम. नाही तर टर्मिनल प्रोग्रॅम चालवणारा कोणताही पीसी चालतो. नऊ पिनांच्या जोडणीत दोन आणि तीन या पिना उलटसुलट जोडाव्यात आणि पाचवी थेट, एवढी तीन तारांची केबल पुरते. मात्र युनिक्स मॉडेमच्या संकेताची वाट पाहत बसले तर लॉगिनची ओळ कधीच येत नाही. एससीओच्या प्रणालींत एकाच पोर्टाला दोन नावे असतात: शेवटचे अक्षर लहान लिपीत असेल तर मॉडेमविना, आणि मोठ्या लिपीत असेल तर मॉडेमसह. साध्या केबलसाठी लहान अक्षराचे नाव वापरावे.

मराठी मजकूर टर्मिनलवर पाहण्याची सोयही त्या काळी होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्रावर आधारलेली टर्मिनले युनिक्सला जोडता येत आणि देवनागरी दाखवत. या टर्मिनलांमागची इस्की संकेतावली, जी १९९१ साली भारतीय मानक झाली, आठव्या बिटाचा उपयोग करते: खालचे १२८ संकेत रोमनसाठी आणि वरचे भारतीय लिप्यांसाठी. जुन्या युनिक्सची सिरियल वाहिनी मात्र पुष्कळदा सात बिट आणि पॅरिटी अशी बांधलेली असते, आणि आलेल्या प्रत्येक अक्षराचा आठवा बिट ती कापून टाकते. त्यामुळे असे टर्मिनल मिळाले तर एसटीटीवाय या आज्ञेने वाहिनी आठ बिटांची करावी, पॅरिटी बंद करावी आणि आठवा बिट कापणारा पर्यायही बंद करावा. तिन्ही केल्याशिवाय देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते.

सातवी पायरी: बॅटरी आणि घड्याळ

३८६ आणि ४८६ च्या अनेक बोर्डांवर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी डाख दिलेली असते, आणि ती गळली की आतला क्षार तांब्याच्या रेषा खातो. यंत्र आणल्याबरोबर ती काढावी आणि डाग असल्यास विनेगरने हलकेच पुसून जागा स्वच्छ करून वाळवावी. तिच्या जागी साधी लिथियम नाणे-बॅटरी थेट लावू नये, कारण बोर्ड तिला चार्ज करू पाहते. मध्ये डायोड घालावा, किंवा बोर्डावर बाहेरच्या बॅटरीची जागा असेल तर ती वापरावी. मूळ एक्सटीमध्ये घड्याळ नसतेच, त्यामुळे दर वेळी तारीख हाताने द्यावी लागते. तारखेकडे दुर्लक्ष करू नये: मेक हा प्रोग्रॅम कोणती फाइल नवी ते वेळेवरूनच ठरवतो, आणि घड्याळ मागे गेले की बदललेला कोडही तो पुन्हा कंपाइल करत नाही. जुन्या प्रणालींना २००० नंतरची वर्षे नीट कळतातच असे नाही. तेथे विसाव्या शतकातले, वार आणि तारखा जुळणारे एखादे वर्ष देऊन काम भागवावे.

आठवी पायरी: रंगीत तालीम आणि प्रत्यक्ष जुळणी

खरेदीपूर्वी सगळे ८६बॉक्ससारख्या, जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये करून पाहावे. त्यात बोर्ड, प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क कंट्रोलर हे सगळे नावानिशी निवडता येते. जे युनिक्स तेथे त्या कंट्रोलरवर बसले नाही ते खऱ्या यंत्रावर बसण्याची आशा कमी, आणि जे बसले त्याच्या फ्लॉप्यांच्या प्रतिमा शाबूत असल्याची खात्री आपोआप होते.

प्रत्यक्ष यंत्रावर सुरुवात करताना व्हिडिओ, डिस्क आणि फ्लॉपी एवढीच कार्डे ठेवून बाकीची काढून घ्यावीत. बायोसमध्ये डिस्कची मापे आणि फ्लॉपीचा प्रकार भरावा, आणि बूट फ्लॉपीवरून कर्नल सुरू करावे. कर्नल जे संदेश छापते ते शब्द न् शब्द वाचावेत, कारण त्याला कोणकोणती कार्डे दिसली याची तीच यादी असते. डिस्कचे नाव त्यात आले नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही. चौथ्या पायरीकडे परत जावे. डिस्क दिसली की विभाग पाडावेत. ४ मेगाबाइट मेमरीच्या यंत्रावर लिनक्स बसवताना स्वॅपचा विभाग सर्वांत आधी तयार करून चालू करावा, कारण बसवण्याचा प्रोग्रॅम मेमरीतच उघडला जातो आणि स्वॅप नसेल तर मध्येच पडतो. प्रणाली डिस्कवरून स्वतः सुरू होऊ लागल्यावर काढलेली कार्डे एकेक करून परत लावावीत आणि दर वेळी संदेश पुन्हा पाहावेत. एकदम सगळी लावली तर टक्कर कोणाची झाली ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

यंत्र बंद करण्याची पद्धतही पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी. युनिक्स लिहिलेली माहिती काही काळ मेमरीत ठेवते आणि नंतर डिस्कवर उतरवते, त्यामुळे डॉसच्या सवयीने थेट बटण दाबले तर फाइलप्रणाली अर्धवट राहते. पुढच्या वेळी एफएससीके हा प्रोग्रॅम तपासणीला बसतो, आणि संथ डिस्कवर ती तपासणी बराच वेळ घेते. मूळ वापरकर्ता, म्हणजे सर्व अधिकार असलेला रूट, म्हणून शटडाउनची आज्ञा द्यावी, आणि जेथे ती नसेल तेथे सिंक ही माहिती डिस्कवर उतरवणारी आज्ञा देऊन डिस्कचा दिवा शांत होऊ द्यावा. एटी काळातला वीजपुरवठा सॉफ्टवेअरने बंद होत नाही. प्रणाली थांबल्याची ओळ पडद्यावर आल्यावर बटण हातानेच दाबायचे असते. एक्सटीच्या मूळ डिस्कचे हेड जाग्यावर नेऊन ठेवण्याचा प्रोग्रॅम वेगळा असतो, आणि यंत्र हलवायचे असेल तर तो चालवूनच वीज बंद करावी.